पहिला नारळ कुठल्या गाडीवर?

नंदा गेल्याचा फोन आला तेव्हा मी सात रस्त्याला रिक्षात होते. रडू आलंच, पण त्याच्याही आधी मनात आलं... बाई जिंकून गेली! आम्ही दोघी वकील. एकाच ऑफिसात समोरासमोर बसून आयुष्य काढलं. मी जमिनीचे दावे चालवायचे, ती फौजदारी. मी सावध, ती भांडकुदळ. आता महिना होत आला, ऑफिसात माझ्याशी भांडायला कुणी नाही.

तिची शेवटची केस दत्ता मानेची. टंचाईच्या गावांना पाणी पोचवणारी, सगळी सरकारी पैशावर चालणारी एक कंपनी. तिच्या टँकरवर दत्ता ड्रायव्हर. मोडनिंबजवळ ब्रेक लागले नाहीत आणि रस्त्याकडेला उभा असलेला माणूस जागीच गेला. "बिरेक धरत न्हाईत म्हनून लई बोंबललो ओ ताई, कोन ऐकतंय!" दत्ता कळवळून सांगायचा. गुन्हा मात्र एकट्या त्याच्यावर. कंपनीचे व्यवस्थापकीय संचालक साक्षीदार म्हणून आले आणि गोड आवाजात म्हणाले, एकेका गाडीची अवस्था मला कशी ठाऊक असणार? मला वाटलं, संपलं. दत्ता आत जाणार.

उलटतपासणीत नंदानं ब्रेकचं नावच काढलं नाही. "खंडेनवमीला तुमच्या डेपोत गाड्यांची पूजा होते ना?" साहेब खुलले. "होते की. पहिला नारळ दरवर्षी मीच फोडतो. कामगारांत मिसळायला आवडतं मला." "कुठल्या गाडीवर फोडता?" "वर्षभरात जिनं सगळ्यात जास्त त्रास दिला तिच्यावर. रीतच आहे आमच्याकडे." नंदानं सहज विचारल्यासारखं विचारलं, "मग अपघाताच्या आधीच्या खंडेनवमीला कुठल्या गाडीवर फोडलात?" साहेबांनी रुमाल काढला. आता मागं फिरायला वाट नव्हती. पूजेला सगळा डेपो हजर होता. दत्ताच्याच टँकरवर, हे त्यांना सांगावं लागलं, आणि त्रास ब्रेकचा होता, हेही.

मग साहेबच आरोपी झाले. निकालात न्यायाधीशांनी स्वच्छ म्हटलं, धोका माहीत असून गाडी रस्त्यावर सोडणारा अधिकारी खुर्चीआड लपू शकत नाही. साहेबांना शिक्षा झाली, दत्ता निर्दोष सुटला. नंदा तोवर आजारानं अंथरुणाला खिळली होती; मी धावत दवाखान्यात गेले. नंदाला तेव्हा उठून बसवतही नव्हतं, पण डोळे काय चमकले! "पेढे आणलेस, का नुसतीच आलीस?" म्हणाली. असा अभिमान मला माझ्या कुठल्याही निकालाचा वाटला नाही.

परवा दत्ता ऑफिसात आला. तो पुन्हा त्याच कंपनीत कामावर लागलाय. नंदाची खुर्ची तिच्या जागी आहे, मी कुणाला बसू देत नाही. तो माझ्याकडे न येता त्या रिकाम्या खुर्चीसमोर जाऊन उभा राहिला.

"ताई, सकाळी गाडी घ्यायला म्या नगं म्हनलं. बिरेक ढिले हुते. नवं सायब चिडलं न्हाईत, सोता गॅरेजला फोन लावला. म्हनले, नीट झाल्याबिगर हिला गेटाभाईर न्यायची न्हाई."