पावलात पाऊल

तेरवीच्या आदल्या संध्याकाळी, बाबांनी जिथं जीव सोडला त्या जागी काकूनं पीठ पसरून वर टोपलं झाकलं. गेलेला माणूस कोणत्या जन्माला गेला, ते आमच्याकडे पिठावर उमटलेल्या पावलावरून ओळखतात. सकाळी टोपलं उचलताना मला कळंबकडचं आमचं वावर आठवलं.

मी नऊ वर्षांची होते. बाबा लढाईवरून परतून शेती करत होते. नांगरलेल्या वावरात ते पुढं चालायचे आणि मी त्यांच्याच पावलात पाय टाकायचा, असा त्यांचा नियम होता. तो सापांमुळे असावा, असं मला वाटायचं. त्या दुपारी कंटाळून मी बाजूच्या ढेकळांवर उडी मारली.

"हलू नको," बाबा म्हणाले. "पाय उचलू नको."

ते गुडघ्यांवर बसले आणि माझ्या पायाभोवतीची माती खुरप्याच्या टोकानं हळूहळू टोचत राहिले. त्यांचा घाम माझ्या पायावर ठिबकत होता.

"साप हाये का, बाबा?"

"नाही. काहीच नाही. चाल आता."

मी घरी ती गंमत म्हणून सांगितली. बाबाही हसले. शत्रूनं पेरलेले सुरुंग शोधणं हे त्यांचं फौजेतलं काम होतं, हे मला लग्नानंतर कळलं.

"काय उमटलं वं?" काकूनं विचारलं.

पीठ कोरं होतं. जन्मभर जपून पाय टाकून माणूस दमला असेल.

"काहीच नाही," मी म्हणाले आणि टोपलं पुन्हा झाकलं.