मी आमदार कसा घडवला

आता कुठल्या तोंडानं सांगू तुम्हाला? आमच्या कात्रजचा तो आमदार, रोज उठून कुणाला तरी देशद्रोही ठरवणारा, तो मी घडवलाय. होय, मीच. आधी चहा घ्या, मग शिव्या द्या.

तेव्हा तो नुसता मंडळाचा अध्यक्ष होता. भडक भाषण केलं म्हणून आत गेला, जामिनावर सुटला आणि लगेच त्याचा जाहीर सत्कार ठरला. परिचय करून द्यायला कोण? मी. मराठीचा निवृत्त प्राध्यापक, शिवाय फुकट. म्हटलं, बरा तावडीत सापडला. सरळ विरोध केला तर घरावर दगड येतील. त्यापेक्षा असे पुणेरी टोमणे हाणतो, की गडी राजकारण सोडून पळेल.

माइक हातात घेतला. "इतिहास न वाचताच तो घडवायला निघालेले हे थोर पुरुष. यांची नजर इतकी तेज, की उद्या समोरच्या बेकरीवाल्या युनूसभाईंच्या खारीतसुद्धा यांना कारस्थान दिसेल!"

काय टाळ्या पडल्या म्हणून सांगू. मला वाटलं, लोकांना कळलं. तेवढ्यात साहेब उठले, वाकून माझ्या पाया पडले आणि म्हणाले, "सरांनी आज डोळे उघडले. खारीकडे आपलं लक्षच नव्हतं."

दुसऱ्या दिवशी बेकरीसमोर घोषणा. खारीवर बहिष्कार. निवडणूक आली तशी रिक्षावरच्या कर्ण्यातून गल्लोगल्ली माझंच भाषण, माझ्याच आवाजात. आधी नगरसेवक झाला, मग आमदार. मी ज्याला त्याला सांगत सुटलो, "अहो, मी टिंगल करत होतो." शेजारचे जोशी म्हणाले, "सर, किती हा विनय."

युनूसभाईंच्या आजोबांनी लावलेली ती भट्टी. गिऱ्हाईक तुटत गेलं आणि शेवटी त्यांनी शटर ओढलं. मी हात जोडून त्यांच्यापुढे उभा राहिलो. लाजेनं मान वर होत नव्हती.

"युनूसभाई, तो टोमणा होता हो."

"माहितीये सर. मी मागंच उभा होतो. हसलोसुद्धा."

"मग?"

"मग काय? एकटाच हसलो. लोक वळून बघायला लागले, तेव्हा गप्प बसलो."

म्हणजे एवढ्या सभेत माझा टोमणा कळला, तो ज्याचा धंदा त्यानं बुडाला त्यालाच. बाकीची निम्मी सभा माझ्या वर्गात मराठी शिकलेली. आणि सत्कारमूर्तींना तर त्या विषयात पहिला वर्ग मीच दिला होता.