उलटी वाहिलेली गोदावरी

पाहुण्यांनी ब्रह्मगिरीवर तांब्याभर पाणी ओतलं. टाळ्या पडल्या. पाणी डोंगर उतरून नाशिकपर्यंत आलं आणि तिथेच थांबलं. निफाडकडे जायला तयारच नाही. आणखी पाणी ओतलं, तर नाशिकचं तळं झालं, ते इगतपुरीपर्यंत पसरलं आणि कसारा घाटाच्या खाचेतून खाली उतरून थेट शाळेच्या गटारात गेलं.

"गोदावरी मुंबईला निघाली वाटतं," पाहुणे म्हणाले. सगळे हसले. मी सोडून.

मी इथे नाशिकमधल्या एका शाळेत भूगोल शिकवते, आणि हा माझाच प्रकल्प होता. मैदानाच्या कडेच्या ओट्यावर सिमेंटचा उठावाचा नकाशा. म्हणजे कागदासारखा सपाट नाही, डोंगर उंच, दऱ्या खोल, अख्खा जिल्हा हात फिरवून बघता येईल असा. पाणी ओतलं की मुलांना जलविभाजक दिसावा, ही माझी हौस. जलविभाजक म्हणजे डोंगराचा असा माथा, जिथे पावसाचं पाणी दोन बाजूंना वाटलं जातं. पेठचं पाणी पश्चिमेला अरबी समुद्राकडे, गोदावरीचं पूर्वेला बंगालच्या उपसागराकडे. त्या दिवशी फक्त पेठकडच्या नद्या बरोबर वाहिल्या.

नकाशा बांधला रंगनाथ मिस्त्रींनी. धुतलेला पांढरा शर्ट घालून ते बाजूला उभे होते, कारण नकाशाच्या उद्घाटनाच्या कार्यक्रमात त्यांचाही सत्कार होता. शाल, नारळ टेबलावर मांडलेले. त्यांची मुलगी आरती माझ्याच नववीच्या वर्गात. पाण्याची कळशी तिच्या हातात मीच हौसेने दिली होती.

मुख्याध्यापक सर माझ्याकडे बघायला लागले. पाहुणेही. आणि मी मिस्त्रींकडे वळले.

"मिस्त्री, उताराचं बघायला नको का? एवढी साधी गोष्ट कळत नाही?"

बोलतानाच मला सगळं आठवत होतं. हीच तर लाजेची गोष्ट आहे. चुकून बोलून गेले, असं मला म्हणता येत नाही.

झालं होतं ते असं. ओटा घालताना मिस्त्रींनी मला विचारलं होतं, "मॅडम, उतार कुठं देऊ?" गवंडी कुठलीही फरशी, गच्ची, मोरी घालताना हे विचारतोच. मी फोनवर होते. म्हटलं, "नेहमी देता तसा द्या की. पाणी साचलं नाही पाहिजे." गटार पश्चिमेला, म्हणून त्यांनी पश्चिमेला उतार दिला. कुणीही तोच दिला असता.

मग त्या उतरत्या ओट्यावर मी खडूने समोच्च रेषा काढल्या. समोच्च रेषा म्हणजे सारख्या उंचीची ठिकाणं जोडणारी रेघ. हौदातलं पाणी उतरत जातं तेव्हा भिंतीवर ओळी राहतात ना, तशाच. प्रत्येक रेषेवर किती जाडीचा थर द्यायचा ते मीच सांगितलं, आणि ओटा सपाट आहे असं धरून सांगितलं. आता खरी गंमत बघा. नाशिकपासून येवल्याच्या बाजूपर्यंतचा सगळा उतार आमच्या नकाशात जेमतेम बोटभर. ओट्याचा गटाराकडचा उतार त्याहून जास्त. गोदावरी जाणार कुठे? इतकी वर्षं फळ्यावर "पाणी उताराकडे वाहते" लिहिणारी बाई मी. एकदा पाण्याची बाटली आडवी ठेवून बघितली असती तरी कळलं असतं.

आरतीने कळशी खाली ठेवली आणि मुलींच्या मागे जाऊन उभी राहिली. सत्काराचं नाव कुणी काढलं नाही. नारळ टेबलावरच राहिला.

दुसऱ्या दिवशी वर्गात प्रश्न विचारला, तर नेहमी वर असणारा आरतीचा हात खालीच. मला तिच्याकडे बघवेना. तास संपल्यावर मुख्याध्यापकांकडे गेले.

"सर, चूक माझी होती. मिस्त्रींनी विचारलं होतं."

"अहो, मग काल का नाही बोललात? सुट्टीतलं मुलींच्या स्वच्छतागृहाचं काम त्यांनाच देणार होतो. सकाळीच सिन्नरच्या माणसाला हो म्हणून बसलो."

"परत बोलवा ना त्यांना."

"शब्द दिलाय, मॅडम. आता नाही जमणार."

"मग निदान उद्या प्रार्थनेनंतर मुलांना तरी सांगते."

"मुलांना कशाला? तुमची काय पत राहील?"

पत तर आदल्या दिवशीच गटारात गेली होती. सांगितलं मी मुलांना, माईकवरून.

त्याच दिवशी संध्याकाळी मिस्त्रींच्या घरी गेले. वहिनींनी पाणी दिलं. मिस्त्री समोर बसले, पण माझ्याकडे बघेनात.

"मिस्त्री, माझं चुकलं. मला माफ करा."

"काम गेलं त्याचं एवढं नाय, मॅडम. कामं मिळत्यात. पण त्या रात्री पोरगी मला विचारती, पप्पा, तुम्हाला खरंच उतार नाय कळत का? मी काय सांगू तिला? तुमच्या मॅडम खोटं बोलल्या, असं सांगू? उद्या तिला तुमच्याचकडं शिकायचंय."

"मग काय सांगितलंत?"

"सांगितलं, व्हतं कधी कधी."

म्हणजे त्यांनी माझी चूक स्वतःच्या मुलीसमोर स्वतःवर घेतली होती, का तर माझ्यावरचा तिचा विश्वास जाऊ नये म्हणून. मला तिथे रडू आलं. वहिनींनी आणखी पाणी दिलं.

नकाशा दुरुस्त करायला ते आले, पण एक अट घालून. नववीचा वर्ग समोर पाहिजे. जुना थर फोडून झाला. मुलं गोल करून उभी. मिस्त्रींनी थापी हातात घेतली आणि साऱ्या मैदानाला ऐकू जाईल असं विचारलं, "मॅडम, उतार कुठं देऊ?"

"पूर्वेला," मी म्हटलं.

"जोरात सांगा."

"पूर्वेला!"

"ऐकलं ना रे पोरांनो?" मुलं हसली. आरती हसली नाही, पण पुढे येऊन बापाच्या हातात उतार बघायची दोरी दिली.

आता गोदावरी बरोबर वाहते. पण गटार आहे पश्चिमेलाच. त्यामुळे प्रत्येक तासानंतर सगळं पाणी येवल्याच्या कोपऱ्यात साचतं आणि खराट्याने लोटून काढावं लागतं. शिपाईमामा म्हणतात, मी करतो. मी खराटा त्यांच्या हातात देत नाही.