शेवटच्या सायकलीची शिटी

बातमीला जागा ठरलेली असते. इतक्या ओळींत बसवा, असा निरोप येतो. मग माणसाचं बोलणं कापलं जातं, बोलताना त्याचा चेहरा कसा झाला होता तेही कापलं जातं, आणि उरतो साहेबांचा खुलासा. जळगावात आयुष्यभर बातमीदारी केल्यावर माझ्याकडे हे कापलेलं सामान बरंच साठलंय. त्यातलं सगळ्यात जास्त एकाच रस्त्यावरचं आहे. त्या रस्त्यावर मी बातमीसाठी जात नव्हतो, सायकल चालवायला जात होतो.

गिरणेच्या कडेकडेनं पाचोऱ्याच्या दिशेनं जाणारा हा जुना रस्ता. एका बाजूला केळी, दुसऱ्या बाजूला कपाशी, आणि मध्ये एवढंच डांबर, की समोरून बैलगाडी आली तर सायकलनं खाली उतरायचं. हायवे झाल्यापासून सगळी वाहनं तिकडे गेली होती. सकाळी इथं फक्त आपल्या चेनचा आवाज यायचा.

आम्ही चौघं होतो. सगळ्यात पुढं वासुदेवभाऊ. त्यांची केळीची बाग याच रस्त्यावर, म्हणून रस्ता आपलाच असल्यासारखे ते चालवत. त्यांच्या मागं मी. माझ्या मागं सविताताई, सरकारी दवाखान्यात नर्स. आणि सगळ्यात शेवटी नाना.

नाना म्हणजे मालगाडीचे निवृत्त गार्ड. रेल्वेनं आता गार्डाला ट्रेन मॅनेजर म्हणायला सुरुवात केली आहे, असं मी त्यांना एकदा सांगितलं. नाना म्हणाले, "मॅनेजर हॉटेलात असतो."

*

रांगेत शेवटी राहायचं हे नानांनीच ठरवलं होतं. मागून वाहन आलं की शेवटच्यानं शिटी द्यायची, आणि बाकीच्यांनी मागं न बघता डावीकडे सरकायचं. शिटी पितळेची, नोकरीतली. निघताना ते खिशातून हिरवा रुमाल काढून हलवायचे. त्याशिवाय कोणी पाय मारायचा नाही.

एकदा वासुदेवभाऊंना घाई होती. बागेत केळीची गाडी भरायची होती. रुमालाची वाट न बघता ते निघाले, त्यांच्यामागं मी, माझ्यामागं ताई. बरंच पुढं गेल्यावर मागं बघतो तर नाना नाहीत. पंक्चर झालं असेल म्हणून परत आलो. नाना जिथं होते तिथंच, सायकल धरून उभे.

"नाना, का नाही आलात?"

"गार्डाला सोडून गाडी गेली, तर तो गाडीमागं पळत नाही," नाना म्हणाले. "गाडीला परत यावं लागतं."

वासुदेवभाऊंची केळी त्या दिवशी उशिरा भरली गेली. पुढं त्यांनी कधी घाई केली नाही.

मी त्यांना म्हणायचो, नाना, एवढी जड शिटी कशाला, आता प्लॅस्टिकच्या मिळतात. त्यावर त्यांचं उत्तर ठरलेलं होतं. शिटी कानानं वाजवत नाहीत, दातानं वाजवतात. नीट वाजली की पुढच्या दातांत मुंग्या येतात. प्लॅस्टिकनं त्या येत नाहीत.

*

वाटेत एका गावाच्या पारावर एक आबा बसलेले असायचे. आम्ही रोज त्यांच्यासमोरून जायचो. रांगेत, खाली मान घालून, न बोलता. एके दिवशी त्यांनी हात करून थांबवलं.

"भाऊ, कोन मरी गयं?"

कोणी नाही, असं मी सांगितलं. आबांना ते पटलं नाही. "मंग बठ्ठा असा गुपचूप कुठं जाई ऱ्हायनात?"

सगळे असे गुपचूप का जातो, तर शांतता, व्यायाम, मोकळी हवा असं काहीबाही मी त्यांना सांगत होतो. मागून नाना म्हणाले, "अजून कोणी नाही, आबा. झालं की सांगू."

आबांनी मान डोलावली. एवढं त्यांना पुरलं.

*

मग या रस्त्यावर डंपर आले. हायवेवर वाळूची तपासणी असते, आमच्या रस्त्यावर फक्त आम्ही असायचो. नंबरप्लेटवर चिखल थापलेला, मागून ओल्या वाळूचं पाणी गळतंय, आणि ड्रायव्हर एका हातानं फोनवर.

मी संबंधित अधिकाऱ्यांकडे गेलो. त्यांचं नाव लिहिण्याची हौस मला पुष्कळ आहे, पण ते आता बदलून गेलेत आणि नवे आलेत तेही तसेच आहेत. साहेब म्हणाले, त्या रस्त्यावर डंपर चालतच नाहीत. मी म्हणालो, मी रोज बघतो. ते म्हणाले, तुम्ही बघता, आमच्या निदर्शनास आलेलं नाही. वर सल्ला दिला, की या वयात सायकल जिममध्ये चालवावी, तिथं एसी असतो.

बाहेर आलो. ऑफिसच्या आवारात नव्या इमारतीचं काम चालू होतं, आणि गेटजवळ वाळूचा मोठा ढीग. ओला. अजून पाणी गळत होतं.

मी परत आत गेलो. "साहेब, ही वाळू एसटीनं आली का?"

साहेबांनी शिपायाला बोलावलं. मला चहा द्यायला नाही, दार दाखवायला.

*

त्या हिवाळ्यात वासुदेवभाऊ कपाशीत पडले.

आम्हाला शिटीची इतकी सवय झाली होती, की आमच्या कानांनी काम सोडलं होतं. मागून घरघर येते आहे हे मला कळत होतं, पण शिटी नाही म्हणजे लांब असेल, असं धरून मी चालवत राहिलो. वासुदेवभाऊंनीही तेच धरलं होतं. डंपर माझ्या कोपराला वारा लावून गेला. वासुदेवभाऊ सायकलीसकट खाली गेले. हात खरचटले, चष्मा गेला, बाकी वाचले.

नाना मागून आले. चेहरा पांढरा पडला होता. "उतारावर इंजिन बंद करून आला हरामखोर," ते म्हणाले. "आवाजच नव्हता."

तिथं उतार नव्हता. आम्ही तिघांनी एकमेकांकडे बघितलं आणि वासुदेवभाऊंच्या शर्टाला चिकटलेला कापूस काढत बसलो.

*

दोन दिवसांनी सविताताईंनी चहाच्या टपरीवर विषय काढला. मोठ्यानं बोलल्या, नानांच्या उजव्या बाजूला बसून. दवाखान्यात कानाची तपासणी होते, मी बरोबर असेन, वेळ लागत नाही. मशीन लावलं तर लावलं, हल्ली किती जण लावतात.

नानांनी बशीतला चहा संपवला.

"आणि कान गेलेत असं निघालं, तर मला पुढं घ्याल."

"घेऊ की, नाना. पुढं हवा छान लागते."

"ताई, गार्ड शेवटच्या डब्यात असतो. पुढं इंजिनात बसलेला दिसला, तर समजायचं त्याची ड्यूटी संपली, तो घरी चाललाय."

घरी कोणी नव्हतं. बायको जाऊन बराच काळ झाला होता, मुलगा पुण्यात. आमच्या पाठीमागं सायकल चालवणं एवढीच त्यांची ड्यूटी उरली होती. ताईंनी तपासणीचं नाव परत काढलं नाही. मीही काढलं नाही. जगाला प्रश्न विचारून पोट भरणारा माणूस मी, पण हा एक विचारायची माझी हिंमत झाली नाही.

*

पुढच्या फेरीला मागून घरघर आली. मी कान देऊनच होतो. हँडल वळवणार, तेवढ्यात शिटी वाजली. स्वच्छ, लांब. आम्ही डावीकडे सरकलो आणि डंपर निघून गेला.

नानांना ऐकू आलं, या आनंदात मी नियम मोडून मागं बघितलं. सविताताईंचा हात हेल्मेटवर होता.

मग माझ्या लक्षात आलं. वाहनाचा आवाज आला की ताई हेल्मेट नीट करायच्या, आणि त्यांच्या मागून नाना शिटी द्यायचे. दोघांमध्ये याबद्दल एक शब्द झालेला नव्हता. एकदा नानाच त्यांना म्हणाले, "ताई, हेल्मेट सैल झालंय तुमचं."

"हो नाना. रोज सरकतं."

"घट्ट करू नका."

*

रस्ता रुंद होणार असं मंजूर झालं. वाळू जाते म्हणून रस्ता रुंद, आणि रुंद झाला की आणखी वाळू जाणार. कडेच्या निंबांवर तोडणीचे पांढरे आकडे पडले. मी चिडून बातमी लिहिली, की जिल्ह्यातला हा शेवटचा शांत रस्ता तुम्ही डंपरवाल्यांना बहाल करताय. रात्री डेस्कवरच्या पोरानं ती कापली. सकाळी मथळा वाचला: 'सायकलप्रेमींसाठी खुशखबर! आवडता रस्ता होणार रुंद!'

पारावरच्या आबांनी आमचं अभिनंदन केलं.

*

आता शेवटचं.

निंब तोडून झाले होते. केळीच्या पानांवर धुळीचा थर. डंपर आता दिवसभर चालू होते. वासुदेवभाऊ म्हणत होते, आता बास करू, एखाद्या दिवशी आबांना खरंच सांगायची वेळ येईल.

त्या सकाळी रस्त्यावर डंपरमधून ओली वाळू सांडली होती. नानांचं चाक घसरलं. ते पडले नाहीत, पाय टेकला, पण शिटी तोंडातून सुटून वाळूत पडली. त्यांनी उचलली, शर्टाला पुसली, पुन्हा ओठांत धरली. आम्ही निघालो.

थोड्या वेळानं मागून टँकरचा आवाज आला. शिटी नाही. टँकर जवळ आला. शिटी नाही. आम्ही तिघं आपापल्या कानांनी डावीकडे झालो. टँकर गेला तसे थांबलो आणि मागं बघितलं.

सविताताईंचा हात अजून हेल्मेटवर होता. त्यांच्या मागं नाना शिटी फुंकत होते. गाल फुगलेले, मानेच्या शिरा वर आलेल्या. शिटीतून नुसती हवा येत होती. वाळू अडकली होती.

आम्ही थांबलोय हे बघून तेही थांबले. शिटी हातात घेतली, तिच्याकडे बघितलं. मग जीभ पुढच्या दातांवरून फिरवली.

"वाजली ना?"

वासुदेवभाऊ खाली बघायला लागले. मी खोकलो.

"वाजली, नाना," सविताताई म्हणाल्या. "लांबपर्यंत गेली."

नानांनी आम्हा तिघांकडे एकेक करून बघितलं. मग शिटी ताईंच्या हातात दिली. वर हिरवा रुमालही दिला. सायकल हातानं ढकलत आमच्याजवळून पुढं गेले, वासुदेवभाऊंच्याही पुढं, आणि एक पाय पेडलवर ठेवून उभे राहिले.

ताईंनी शिटी हँडलवर आपटून वाळू काढली आणि वाजवली. केळीतून बगळे उठले.

नाना तसेच उभे होते.

मग त्यांनी मान वळवून मागं बघितलं. ताईंनी रुमाल हलवला.