उमरोळीला झालेला सत्कार

सायकलच्या शर्यतीत कप्तानाला जिंकवण्यासाठी जी माणसं ठेवतात त्यांना मदतनीस म्हणतात. हा शब्द ज्याने काढला त्याला एकदा वाघोबाच्या घाटात भर उन्हात एका चाकाची सायकल देऊन उभं करायला पाहिजे. मी तसा उभा राहिलोय, म्हणून सांगतो.

तेव्हा तारापूरच्या वीज केंद्राचं बांधकाम जोरात चालू होतं. तिथल्या एका ठेकेदाराकडे मी रोजंदारीवर फिटर होतो. त्या ठेकेदाराच्या मोठ्या साहेबाला सायकलींचा नाद. त्याने चार दिवसांच्या, चार टप्प्यांच्या एका शर्यतीत आपला संघ उतरवला. पाच मदतनीस कामावरचेच घेतले आणि कप्तान मुंबईहून पगार देऊन आणला. सहाही सायकली एकसारख्या घेतल्या. लोकांना वाटलं, साहेब किती समदृष्टीचा. खरं कारण असं की, कप्तानाचं चाक पंक्चर झालं तर आमच्यापैकी कुणाचंही काढून त्याला बसवता यावं.

साहेबाने पहिल्याच दिवशी सगळ्यांसमोर सांगितलं होतं, जो मदतनीस चारही टप्पे पुरे करील त्याला कायम करू. मला कप्तानाच्या जिंकण्या-हरण्याशी काडीचं देणंघेणं नव्हतं. मला कायम व्हायचं होतं. रोजंदारीवरच्या माणसाला पावसाळ्यात घरी पाठवत आणि परत बोलवायचं की नाही ते मुकादमाच्या मर्जीवर. टप्पा पुरा करणं म्हणजे पहिल्याच्या मागून अर्ध्या तासाच्या आत शेवटची रेघ ओलांडणं. त्यापुढे एक मिनिट झालं तरी नाव कापलं जाणार.

पहिले दोन दिवस मी कप्तानाच्या पुढे राहून समोरचा वारा छातीवर घेतला. दिसेल त्या विहिरीवर उतरायचं, बाटल्या भरायच्या, सदऱ्याच्या पाठच्या खिशांत कोंबायच्या आणि जीव तोडून पुन्हा त्याला गाठायचं. तो एक घोट प्यायचा आणि उरलेलं पाणी डोक्यावर ओतायचा. ते पाणी मी किती मैल पाठीवर वाहून आणलंय हे त्याला ठाऊक होतं. तरी ओतायचा.

तिसरा टप्पा म्हणजे माझ्या घरचा रस्ता. तलासरीहून मनोर, तिथून वाघोबाचा घाट चढून पालघर, मग उमरोळी, आणि बोईसरला शेवट. उमरोळी माझं गाव. घाट अर्धा चढलो असू, तेवढ्यात कप्तानाचं मागचं चाक गेलं. तो उतरला आणि माझ्याकडे न बघता म्हणाला, "चाक काढ."

मी काढलं. त्याच्या सायकलला बसवलं, आवळलं, आणि चढावर त्याला जोर मिळावा म्हणून पाठीला हात लावून वीसेक पावलं ढकलतसुद्धा गेलो. तो वळला आणि दिसेनासा झाला. त्याचं पंक्चर झालेलं चाक माझ्या हातात राहिलं. शर्यतीच्या सायकलचं टायर ट्यूबभोवती शिवलेलं असतं, त्याला रस्त्यावर ठिगळ लावता येत नाही. जादा चाकं साहेबाच्या जीपमध्ये, आणि जीप शर्यतीच्या पाठोपाठच असायला हवी होती.

जीप वीस मिनिटांनी आली. साहेब फोटोवाल्याला घेऊन मनोरला चहाला थांबले होते. साहेबांच्या मिशीला चहाची साय अजून तशीच होती. मला बघून म्हणाले, "अरे, तू इथेच?"

चाक घेतलं, बसवलं. जीप माझ्या तोंडावर धूळ उडवत पुढे निघून गेली. घाट उतरताना मी ब्रेकला हात लावला नाही. संतापाने पाय असे चालत होते की ते माझे आहेत असंच वाटत नव्हतं. पालघरच्या नाक्यावर चहाच्या गाडीवाल्याला ओरडून विचारलं, पहिला कधी गेला. तो म्हणाला, "झाली की पंचवीस मिन्टं." म्हणजे पाच मिनिटं माझ्या हातात होती. एवढ्या जोरात राहिलो तर नाव वाचणार होतं.

आणि उमरोळीला रस्ता बंद होता.

दोन्ही बाजूंना केळीचे खांब, मध्ये ताशा वाजतोय, आई तबक घेऊन उभी, आणि सगळ्यांच्या पुढे हातात नारळ घेऊन माझे बाबा. बाबा मिठागरात कामाला. जन्मात त्यांनी शर्यत पाहिली नव्हती. त्यांनी पाहिल्या होत्या लग्नाच्या वराती आणि मंत्र्यांचे दौरे. मी घरी सांगितलं होतं की मोठ्या शर्यतीत आहे, ती पुरी केली की कायम होणार, आणि गावावरून जाणार आहे. तेवढ्यावर त्यांनी गाव गोळा केला होता.

"कवाधरनं उबे हाव आमी," बाबा हँडल धरून म्हणाले. "आदी ती सायकलवाली पोरं गेली, मंग सायबाची जीप गेली. मी सगल्यांना बोललो, आता कोनी हलू नका. मोटा मानूस शेवटी येतो."

वरातीत आधी बाजा, मग वऱ्हाड, शेवटी नवरदेव. मंत्री आला की आधी पोलीस, मग जीप, मग मंत्री. पुढचे तीस-चाळीस सायकलवाले त्यांच्या लेखी माझा बंदोबस्त होते. त्यांना बाजूला होऊन वाट दिली होती, आणि साहेबाच्या जीपमागून एकटाच येणारा मी म्हणजे साहेबाहून मोठा. रस्त्यावरच्या एकालाही यात शंका नव्हती.

मी एक पाय जमिनीला टेकून उभा. आईने कुंकू लावलं, ओवाळलं. सरपंचांनी झेंडूचा हार घातला. नारळ पहिल्या घावाला फुटला नाही, दुसऱ्यालाही नाही. मग बाबा दुसरा दगड शोधायला गेले. सरपंच दोन शब्द बोलले आणि ते दोन नव्हते. माझ्या डोक्यात मिनिटं वाजत होती. नारळ फुटला, खोबऱ्याचा तुकडा माझ्या तोंडात कोंबला, आणि मग बाबांनी हँडल सोडलं.

बोईसरला रेघेपाशी घड्याळवाला वही मिटून उभा होता. दोन मिनिटं उशीर. फक्त दोन. गळ्यात हार होता तो मी तिथेच तोडून टाकला. साहेब म्हणाले, "मला वाईट वाटतं, पण नियम तो नियम. कायम करायचं आता कसं जमणार?" मनोरच्या चहाला कुठला नियम लागतो ते मी विचारलं नाही. कप्तान त्या दिवशी पहिला आला होता. फोटो काढून झाल्यावर माझ्याजवळ आला आणि म्हणाला, "तुझं चाक मस्त पळतं हं." त्याला मारायला माझा हात उठला होता. दुसऱ्या एका मदतनिसाने तो धरला.

संध्याकाळच्या गाडीने उमरोळीला उतरलो. ओट्यावर माणसं बसलेली, बाबा मधोमध. पोरगा कायम झाला असं त्यांनी सगळ्यांना सांगूनही टाकलं होतं. दिवसभर साहेबापुढे, कप्तानापुढे गिळलेलं सगळं मी त्या म्हाताऱ्या माणसावर ओकलो. चार लोकांत म्हणालो, मी पहिला नव्हतो, मी सगळ्यांत शेवटचा होतो, तुमच्या त्या नारळापायी माझी नोकरी गेली, तुम्हाला कुणी सांगितला होता हा शहाणपणा. आई आतून दारात आली. ओट्यावरची माणसं एकेक करून उठली.

बाबा रागावले नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं. त्यांनी साधं विचारलं, "मंग तू तवाच बोलला का नाय? आमी सोडला असता."

'बाजूला व्हा, मी शेवटचा आहे' एवढंच म्हणायचं होतं. श्वास होता, वेळ होता, बाबा दुसरा दगड शोधून आणेपर्यंतचा वेळ होता. मी म्हटलं नाही. साहेबावरचा राग पुढे निवला, कप्तानाचा तर चेहराही आता नीट आठवत नाही. बाबांचा तो प्रश्न मात्र आठवला की आजही माझी कानशिलं तापतात. कारण उत्तर मला तेव्हाच माहीत होतं. तिथे उभं राहायला मला आवडत होतं.