धुण्याच्या चिठ्ठ्यांची रोजनिशी

आमच्या जिन्यात कुणाच्या घरी काय शिजतंय, हे मला झाकण उघडायच्या आधी कळतं. दुसऱ्याचं वाक्य पुरं करायची खोडही जुनीच. समोरच्या मावशी म्हणायच्या, "तुझ्याशी बोलायचं म्हणजे अर्धंच बोलावं, बाई. उरलेलं तूच बोलतेस."

या मावशी लढाईच्या चार वर्षांत इस्पितळाच्या धुलाईघरात होत्या. धुलाईघर तळघरात, वॉर्ड वर. मळक्या कपड्यांच्या प्रत्येक गाठोड्याबरोबर एक छापील चिठ्ठी खाली यायची: चादरी इतक्या, अभ्रे इतके. कपडे धुऊन वर गेले की चिठ्ठी रद्दी. मावशी ती घरी आणायच्या आणि तिच्या कोऱ्या पाठीवर दोन-चार ओळी लिहायच्या. तेही पेन्सिलीनं, कारण ओल्या हातानं शाई फुटते. 'रक्ताचे डाग थंड पाण्यातच निघतात. बोटं माझी आहेत की नाहीत कळत नाही.' 'मुकादमीण म्हणते साबण जपून वापरा. तिला म्हणावं, लढाईच जरा जपून करायला सांग.' जीभ माझ्याइतकीच तिखट होती, फक्त त्यांनी ती कागदावर खर्चली.

तिसऱ्या हिवाळ्यात त्यांची सात वर्षांची मुलगी त्याच इस्पितळात वरच्या वॉर्डात वारली, छातीत ताप भरून. ती गेली त्या दिवशी बाँब पडत होते, वरून गाठोडी आलीच नाहीत. हाताशी एक न भरलेली चिठ्ठी होती, तिची छापील बाजूही रिकामी. मावशींनी पाठीवर लिहिलं, जागा संपली, म्हणून उलटून पुढच्या बाजूवर लिहिलं. मग सगळ्या चिठ्ठ्या बिस्किटाच्या डब्यात घालून दोरी बांधली. ती पुढं चाळीस-बेचाळीस वर्षं सुटली नाही.

दोरी सोडायला लावली ती मी. शहराच्या दप्तरखान्यात लढाईच्या काळातले कागद गोळा करत होते. "वाळवीनं वाचण्यापेक्षा माणसांनी वाचलेलं बरं, मावशी!" या वाक्यावर मीच इतकी खूश झाले, की जिन्यात चौघींना ऐकवलं. मावशींनी डबा माझ्या हातात दिला. "जपून ठेवतील ना?" एवढंच विचारलं.

जपलं, फार जपलं. दप्तरखान्यातला माणूस मूळचा पुस्तकं बांधणारा. सगळे त्याला बाइंडर म्हणतात. त्यानं एकूण एक चिठ्ठी जाड पुठ्ठ्यावर चिकटवली, छापील बाजू खाली, अक्षर वर. "शंभर वर्षं हलणार नाही," म्हणाला. मावशींनी त्याचे दोन्ही हात धरले होते.

यंदा मावशींच्या डोळ्यांतला उजेड पार गेला. एके दुपारी म्हणाल्या, "मला एकदा ऐकायचंय. माझी पोर शेवटी काय म्हणाली ते."

"म्हणजे? तुम्हाला आठवत नाही?"

"लिहून ठेवलं होतं ना, म्हणून विसरले. नाहीतर जगले असते का?"

गेलो. बाइंडरनं पुठ्ठा काढला. मी वाचायला लागले: 'मोजे काढ म्हणाली, पाय भाजतायत. काढले. काचा थरथरत होत्या. मी म्हटलं, खालून एक कोरडी चादर घेऊन येते. मग ती म्हणाली'. तिथे कागद संपला.

"पुढे?"

"पुढे... मागे आहे, मावशी."

बाइंडरनं चिठ्ठीच्या कडेवरून बोट फिरवलं. "छापील बाजूला नुसते आकडे असतात," तो पुटपुटला. "पहिल्या पन्नास उलटून बघितल्या होत्या मी. सगळीकडे चादरीच होत्या हो." त्यानं ओल्या कापसानं एक कोपरा उचलून पाहिला. कागदाचा पापुद्रा खळीतच राहिला आणि पेन्सिल राखेसारखी कापसाला आली. त्यानं हात मागे घेतला.

मावशी कान देऊन बसलेल्या. मला राहवलं नाही. "दिसतंय, दिसतंय! 'आई, लवकर ये,' असं आहे."

मावशींनी माझ्याकडे तोंड वळवलं. "खोटं बोलताना तुझा आवाज गोड होतो गं."

मी सवयीनं हसले. ते हसू मला अजून ऐकू येतं.

"पण आत आहे ना ते?" त्यांनी बाइंडरला विचारलं.

"आहे."

"शंभर वर्षं?"

तो खाली बघत 'हो' म्हणाला.

आता दर गुरुवारी आम्ही जातो. मावशींना जिना उतरवायलाच पाऊण तास लागतो. बाइंडर पुठ्ठा टेबलावर ठेवतो आणि स्वतः बाहेर जाऊन उभा राहतो. मी 'मग ती म्हणाली' इथपर्यंत वाचते आणि तोंड मिटते. मावशी मान थोडी पुठ्ठ्याकडे झुकवून वाट बघतात.

मग म्हणतात, "पुन्हा वाच."