सगळा आळ गोळीवर

कोलेस्टेरॉलची गोळी घरात एकटी येत नाही, किस्से घेऊन येते. बाबांना स्टेंट बसला, जेवणानंतरची एक गोळी कायमची मागे लागली, आणि तेव्हापासून आमच्याकडे एवढे किस्से साठलेत की आता ते ठेवायला माळा कमी पडेल. ऑफिसात सांगते तेव्हा सगळ्या हसतात. मीही हसते. सांगता सांगता कधीतरी मध्येच उठते, पाणी पिऊन येते आणि पुढचा सांगते.

आधी थोडी ओळख. आई-बाबा डोंबिवलीत, लिफ्ट नसलेल्या जुन्या बिल्डिंगमध्ये, तिसऱ्या मजल्यावर. मी, नवरा आणि चार वर्षांची मुक्ता शेजारच्या गल्लीत. माझी नोकरी ठाण्याला, त्यामुळे मुक्ताला बालवाडीतून आणायचं काम बाबांचं. बिल्डिंगच्या गेटपाशी सिमेंटचा कट्टा आहे. संध्याकाळी त्यावर बाबा, समोरच्या फ्लॅटमधले नाईककाका आणि म्हात्रेकाका बसतात. आमची बिल्डिंग ज्या शेतावर उभी आहे ते शेत म्हात्रेकाकांचं. त्यामुळे कट्ट्यावर शेवटचा शब्द त्यांचा!

गोळी सुरू होऊन काही महिने झाले आणि बाबांच्या मांड्या दुखायला लागल्या. मग ते जिन्यात थांबायला लागले. आधी भाजी असली तर, मग रिकाम्या हातानेही. कट्ट्याने एकमताने निकाल दिला: गोळी!

खरं सांगू? मलाही गोळीच हवी होती. कारण गोळी बदलता येते. गोळी बदलली की पाय परत येतील, असा साधा हिशोब. यात मला बाबांच्या पायांची काळजी जास्त होती की मुक्ताला आणणार कोण याची, ते मात्र मी अजून स्वतःला नीट विचारलेलं नाही.

*

पहिला किस्सा माझाच. गोळीच्या खोक्यात घडी घातलेला कागद असतो ना, तो मी उघडला. उघडतच गेला. डायनिंग टेबल झाकलं! मी शिकलेली, त्यात आई झालेली, म्हणजे कागदावर 'क्वचित' लिहिलं असलं तरी मला 'नक्की' असंच दिसतं. मी एकेक साइड इफेक्ट मोठ्याने वाचत होते. बाबा पेपरमध्ये डोकं घालून बसलेले. मला वाटलं, लक्ष नाही.

संध्याकाळी बाबांचा फोन.

"अगं, ते स्नायू दुखणं झालं. पोट बिघडणं झालं. डोकं जड झालं. त्याच्यानंतर काय होतं गं?"

"का बाबा?"

"नाही, आता तेही सुरू झाल्यासारखं वाटतंय!"

*

मग आईचे पाय दुखायला लागले.

बाबा सोफ्यावर बसून मांड्या चोळायचे, शेजारी बसून आई पोटऱ्या चोळायची. मी म्हटलं, "आई, तू तर गोळी घेतच नाहीस. तुला कसला साइड इफेक्ट?"

आईने तेलाची वाटी खाली ठेवली. "गोळी नाही घेत. चाळीस वर्षं तुझ्या बाबांना घेतेय!"

बाबा इतके हसले की त्यांना ठसका लागला. मग उठायला गेले आणि उठता येईना. आईने हात पुढे केला. त्यांनी तो धरला. मला कळलं की हे दोघांच्या सवयीचं झालंय. माझ्या नकळत.

*

म्हात्रेकाकांचा दुधी हा स्वतंत्र अध्याय आहे.

शीळफाट्याच्या पलीकडे त्यांची थोडी जमीन अजून आहे, तिथे दुधीचा मांडव. एक दिवस ते हातभर लांबीचा दुधी घेऊन तीन मजले चढून आले.

"सावंत, ती गोली सोर! ह्याचा रस पी रोज सकाली. नलीतला सगला चिकटा धुऊन जाईल!"

मी मिक्सर काढला, रस केला. बाबा ग्लास तोंडाला लावणार तेवढ्यात आईने बोट बुडवून चाटलं आणि अख्खा ग्लास मोरीत ओतला. "कडूजहर आहे! कडू दुधी पोटात गेला तर माणूस दवाखान्यात जातो."

म्हात्रेकाका दुखावले. "वहिनी, औषध कडूच असतं!"

"मग तुम्ही का नाही पीत?"

"मी? मना कोलेस्टेरॉल नाय."

"कशावरून?"

"आजपरयंत टेस्टच नाय केली!"

दुधी गेला. बाबांनी मात्र तो येण्याआधीच दोन-तीन दिवस, 'आता दुधी येतोच आहे' म्हणून, गोळी खरंच सोडली होती. हे आम्हाला डॉक्टरांसमोर कळलं. डॉक्टर आमचे शांत आहेत, पण तेव्हा चिडले. "सावंत, पाय दुखले की पाय बोलतात. स्टेंट घातलेली नळी बोलत नाही, ती एकदम बंदच होते. दुखलं तर मला सांगा. सोडायची की बदलायची ते आपण दोघं ठरवू. कट्टा नाही."

बाबांनी मान खाली घातली. शाळेत मुक्ता घालते तशी.

*

नाईककाका तर म्हणायचे, "मी बघा, गोळीला हात लावत नाही! मुलाने अमेरिकेहून नॅचरल कॅप्सूल पाठवल्यात. लाल तांदळापासून बनवलेल्या. केमिकल शून्य!"

लाल तांदूळ म्हटल्यावर बाबांच्या डोळ्यांत एकदम गावची पेज आली. पुढच्या भेटीला ते नाईककाकांची बाटली खिशात घालूनच डॉक्टरांकडे गेले. डॉक्टरांनी लेबल वाचलं आणि चष्मा काढला.

"हा पेजेचा तांदूळ नाही. हे बुरशीने आंबवलेलं प्रकरण आहे. यात निघतं ते तुमच्या गोळीच्या सख्ख्या बहिणीसारखंच औषध. फक्त किती आहे ते कुणाला माहीत नाही. तीच नवरी, नुसती नऊवारी नेसून आलीय!"

कट्ट्यावर हे कळल्यावर नाईककाकांनी आधी स्वतःच्या मांड्या चाचपून बघितल्या. मग म्हणाले, "तरीच माझेही पाय दुखायला लागलेत."

"कधीपासून?"

"आत्तापासून!"

*

गणपतीत गावाहून पपनसांचं पोतं आलं. बाबांचा जीव पपनसात. आरती झाली की सोलायला बसायचे. मांडीवर पेपर, समोर मुक्ता. एक फोड तिला, तीन स्वतःला. गणपती गेले तरी पोतं संपेना.

डॉक्टरांनी सहज विचारलं, "फळं कुठली खाता?" आणि मी पपनस म्हणताच हातातलं पेन ठेवलं. म्हणाले, ग्रेपफ्रूट म्हणून याचाच एक चुलतभाऊ आहे, त्याचं आणि काही गोळ्यांचं जमत नाही, गोळी अंगात जास्त साठते. पपनसाचं तेवढं पक्कं नाही, पण काही दिवस बंद ठेवून बघू.

मला तर रिक्षातच रडू आलं. आनंदाने! सापडला चोर! दुखणं पपनसांच्या आधीचं, हे तेव्हा डोक्यातही आलं नाही. मी घरी पोचायच्या आत नवऱ्याला, भावाला, मावशीला कळवून मोकळी. उरलेली पपनसं बिल्डिंगभर वाटून टाकली. मुक्ताने रागाने विचारलं, "आबाचं पपनस लोकांना का दिलंस?"

"आबाचे पाय बरे होणार म्हणून."

दिवाळी आली. जिन्यातले थांबे एकाने वाढले.

*

हा किस्सा ऑफिसात कुणाला सांगितलेला नाही.

मी रोज फोनवर शोधत बसायचे. गोळीने पाय दुखणे. गोळीला पर्याय. जवस, लसूण, अर्जुनाची साल. कमी डोसची गोळी, दुसऱ्या जातीची गोळी, महागडं इंजेक्शन. त्याच फोनवर मुक्ताचंही शोधायचे. मुलं भाजी का खात नाहीत. मुलं रात्री गादी ओली का करतात.

एक दिवस जाहिरात आली. डायपरची. सवलत वगैरे. मी सवयीने साइज बघायला गेले तर खाली लिहिलेलं, 'लहान मुलांचे आणि मोठ्या माणसांचे, दोन्ही उपलब्ध.'

मी कुणाची आई आहे हे त्या फोनलाही कळेनासं झालं होतं.

*

शेवटी डॉक्टरांनी गोळीला सुट्टी दिली. रीतसर, स्वतःहून, काही आठवड्यांची. "गोळीमुळे असेल तर एवढ्यात फरक पडायला हवा. रक्तात तरी स्नायूंचं फार काही बिघडलेलं दिसत नाहीये."

त्या आठवड्यांत मी देवापुढे हात जोडून जे मागत होते, ते कुठल्या लेकीने मागितलं नसेल. 'देवा, साइड इफेक्टच असू दे.'

सुट्टी संपल्यावर गेलो. डॉक्टरांनी विचारलं, "काय सावंत?"

"फार फरक आहे, डॉक्टर! एकदम हलकं वाटतंय!"

मी बाबांकडे बघितलं. आदल्याच दिवशी त्यांना बाथरूममधल्या स्टुलावरून आईने उठवलं होतं.

"छान. मग हात छातीवर घ्या आणि खुर्चीतून उठा बघू."

बाबांनी हात छातीवर घेतले. पुढे झुकले. परत मागे टेकले. परत झुकले. मग खुर्चीकडे वळून बघत म्हणाले, "डॉक्टर, तुमची खुर्ची जरा खोलगट आहे हो."

तीच खुर्ची, ज्यावरून आधी ते टुणकन उठून डॉक्टरांशी हात मिळवायचे.

मग ठाण्याच्या मोठ्या डॉक्टरांकडे गेलो. मांडीत सुई घालून एक तपासणी झाली. निष्कर्ष असा, की स्नायूच आतून झिजत चाललेत. गोळीचा काही दोष नाही. औषधाने परत येणार नाहीत, व्यायामाने आहेत तेवढे टिकवायचे. हृदयासाठी गोळी मात्र पुन्हा सुरू करा म्हणाले, आमच्या डॉक्टरांनी खबरदारी म्हणून दुसरी, कमी ताकदीची लिहून दिली.

परत आलो तेव्हा कट्टा भरलेला होता. म्हात्रेकाका ओरडले, "काय रं सावंत, काय बोलला मोठा डॉक्टर?"

बाबा कट्ट्याला टेकले, दम घेतला आणि ऐटीत म्हणाले, "तुम्ही म्हणत होतात तेच. गोळीच होती! बदलून दिली."

"बोललो व्हतो ना!" म्हात्रेकाकांनी मांडीवर थाप मारली. स्वतःच्या.

*

गेल्या आठवड्यात मी ऑफिसातून लवकर सुटले. बिल्डिंगच्या जिन्यात शिरले तर वरून मुक्ताचा आवाज. मी पहिल्या मजल्याच्या वळणावर थांबले.

बाबा पायरीवर बसलेले. मुक्ता त्यांच्या पाठीमागे, वरच्या पायरीवर. तिचे दोन्ही हात त्यांच्या काखेत.

"आबा, तयार? एक, दोन, साडेमाडे... उठ!"

बाबांनी कठडा धरला. हाताच्या शिरा तट्ट फुगल्या. मुक्ता दात-ओठ खाऊन ओढत होती, चेहरा लालेलाल. बाबा हळूहळू, वाकडेतिकडे होत, उभे राहिले.

तेवढ्यात तिला मी दिसले. धापा टाकत, आनंदाने ओरडली, "आई, बघ! आबा किती हलका झालाय! आधी मला उचलायलाच यायचा नाही!"

बाबांनी कठडा न सोडता माझ्याकडे वळून बघितलं आणि डोळा मारला.

"कोलेस्टेरॉल उतरलं ना!"